उंबरवाडीचं टिंब

सव्वीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि मला इंग्रजी शिकवलं ते एका अशा माणसानं, ज्याला स्वतःला इंग्रजीत एक सलग वाक्य बोलता येत नव्हतं. हे मी विनयानं म्हणत नाही. विनय माझ्या अंगी नाही, माझ्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याला विचारा.

दस्तगीरभाऊ पाट्या कोरायचे. कुसगावातून लोणावळ्याकडे जाताना डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड होती. आमच्या भागात मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. बंगला झाला की त्याला नाव हवं, नाव म्हटलं की इंग्रजी हवं, आणि तेही शेजाऱ्याला पटकन कळणार नाही असं हवं. अशी नावं संगमरवरावर नाहीतर काळ्या ग्रॅनाइटवर छिन्नीनं कोरायची, हा भाऊंचा धंदा. शिक्षण सातवीपर्यंत. अंगानं काटकुळे, पापण्यांवर कायम दगडाची पांढरी भुकटी, नाकातोंडावर टॉवेल बांधलेला आणि त्या टॉवेलाआडून येणारा कोरडा खोकला. रस्त्यावरून जाताना हातोडीचा आवाज थांबला आणि खोकल्याचा आला की समजायचं, भाऊ आता चहा सांगणार.

आम्ही कुसगावात लहानसं घर बांधलं तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. कागदावर मोठ्या झोकात ‘सिरेनिटी’ असं इंग्रजीत लिहून नेलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

‘अर्थ काय वो ह्याचा?’

‘शांतता.’

‘व्हय. पर आलाय कुटनं?’

‘कुठून म्हणजे? इंग्रजी शब्द आहे.’

‘इंग्रजीत कुटनं आला?’

मला माहीत नव्हतं. इंग्रजीच्या बाईनं पाटीवाल्यासमोर हे कबूल करायचं म्हणजे जिवावर आलं. मी कबूल केलंच नाही. ‘तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी?’ असं फटकारलं.

‘बाई, सून आनताना घराणं बगता का न्हाई? ह्यो शब्द तुमच्या दाराशी जल्मभर बसायचा. त्याचं घराणं नको बगाया?’

मग त्यांनी फळीवरून एक जाडजूड शब्दकोश काढला. पुठ्ठे गेलेले, खताच्या पिशवीत गुंडाळलेला. हात पुसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत ते खाली खाली गेले. ‘सेरेनुस,’ ते म्हणाले. ‘लॅटिन. म्हंजी निरभ्र. ढग नसल्यालं आभाळ.’ आणि त्यांनी मान वर करून बाहेर पाहिलं. जुलै महिना होता. धुक्यात समोरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. ते हसले नाहीत, पण मला मात्र हसू आलं, आणि रागही.

‘निरभ्र म्हनायचं आन लोनावळ्यात ऱ्हायचं, लोक नावं ठेवतील,’ ते म्हणाले. ‘एक सांगू? धा दिस पाऊस लागल्यावर घटकाभर थांबतो, ऊन पडतं, बाया कापडं वाळत घालत्यात, त्याला आपुन काय म्हनतो?’

‘उघडीप.’

‘मंग?’

माझ्या घराचं नाव ‘उघडीप’ आहे.

पाटी न्यायला गेले तेव्हा त्यांची दुसरी रीत कळली. सगळी अक्षरं कोरून, काळा रंग भरून तयार होती. उजव्या कोपऱ्यात खाली खडूनं एक बारीक टिंब काढलेलं होतं, ते तेवढं कोरायचं राहिलं होतं. त्यांनी छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली. नावात टिंब असेल तर ते, नसेल तर कोपऱ्यातलं हे, पण शेवटचं टिंब मालकानं मारायचं. मालक समोर असल्याशिवाय त्यांच्या शेडमधून पाटी हलत नसे. मोठमोठे शेठ लोक सफारी सावरत उकिडवे बसून टिंब मारताना मी पाहिलेत. माझा घाव तिरका पडला आणि कोपऱ्याचा टवका उडाला. तो टवका आजही तसाच आहे. मी हळहळले तर भाऊ म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. आता घर तुमचं झालं.’

शब्दांचं हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका चुकीपायी. तरुणपणी त्यांनी इथल्याच एका जुन्या दफनभूमीसाठी दगड कोरला होता. कुणी एक नर्सबाई वारल्या होत्या. ‘इंटर्ड’, म्हणजे इथे पुरलं, या शब्दात दोन आर असतात. भाऊंनी एकच कोरला. दगड बसल्यावर चूक लक्षात आली आणि तिथले म्हातारे फादर काठी टेकत शेडवर आले. फादर वसईकडचे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. भाऊंना वाटलं, आता दगडाचे पैसे गेले आणि वर बोलणी बसणार. फादर बाकावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘लॅटिनमध्ये मातीला तेर्रा म्हणतात, मुला. तेर्रामध्ये दोन आर. त्या बाईला मातीत ठेवलंय, आणि तू माती कमी घातलीस.’

भाऊंनी नवा दगड कोरून दिला, आणि नंतर दर रविवारी दुपारी फादरकडे जाऊन बसायला लागले. ते चारेक वर्षं चाललं. वारण्याआधी फादरांनी शब्दकोश त्यांना देऊन टाकला. ‘स्पेलिंग घोकायचं नसतं, बाई,’ भाऊ मला सांगायचे. ‘मुळाशी गेलं की त्ये आपसूक येतं.’

हे मी माझ्या वर्गात वापरलं. पोरांना ‘टेरेस’मध्ये दोन आर का, हे विचारलं की सगळा वर्ग ओरडायचा, ‘माती!’ आमच्या हेडमास्तरांना वाटायचं, वर्गात शेतकीचा तास चाललाय.

आठवड्यातून एकदा तरी मी शाळा सुटल्यावर शेडवर डोकावायची. त्यांनी एखादा शब्द राखून ठेवलेला असायचा. भाऊ डावखुरे. लहानपणी मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारून उजवा वळवायचा प्रयत्न केला, तो फसला. दोन्ही हात सारखे चालणाऱ्याला इंग्रजीत ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात, हे त्यांना सापडलं त्या दिवशी ते भलते खुशीत होते. ‘आंबी म्हंजी दोन्ही, डेक्स्टर म्हंजी उजवा. दोन्ही हात उजवे! बगा बाई, डाव्याची तारीफ करायची झाली तर त्याला उजवा म्हनायचं. लॅटिनवाले आमच्या मास्तरावानीच की.’

वेळेचं म्हणाल तर भाऊ कुणाचेच नव्हते. गिऱ्हाइकाला त्यांचं एकच उत्तर, ‘परवा या.’ एकदा एक गृहस्थ तणतणत आले, ‘तुम्ही परवा म्हणाला होतात!’ भाऊ शांतपणे म्हणाले, ‘व्हय, परवाच म्हनलोतो.’ आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही, या सोयीवर त्यांचं दुकान चाललं होतं. इंग्रजीत परवाला धड एक शब्द नाही, पण काम परवावर ढकलण्याला आहे, ‘पेरेंडिनेट’. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी तो शोधून काढला आणि शाळेत असताना सापडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणाले. ‘मास्तर म्हनायचे, दस्तगीर आळशी हाय. मी म्हनलो असतो, न्हाई, मी पेरेंडिनेट हाय.’

चुकीचं इंग्रजी असलं तरी मी ते दुरुस्त केलं नाही. माझ्या स्वभावाचा विचार करता ही मोठीच गोष्ट आहे.

शेडच्या दाराशी एक दगड होता. हातभर रुंद, अडीच-तीन हात लांब, काळा, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. सगळे त्याच्यावर पाय देऊन आत यायचे. मीही कित्येक वर्षं दिला.

एका फेब्रुवारीत शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी छोट्या ढाली करायच्या होत्या, म्हणून मी यादी घेऊन गेले. यादीत ‘एलिमिनेशन राउंड’ असं लिहिलेलं होतं. भाऊंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, ज्यांना कमी गुण पडतात त्यांना बाहेर काढायचं. त्यांनी शब्दकोश उघडला. बराच वेळ बोट एका जागी थांबलं. मग त्यांनी टॉवेल तोंडावरून खाली केला.

‘लिमेन म्हंजी उंबरा,’ ते म्हणाले. ‘ई म्हंजी भाईर. उंबऱ्याभाईर घालवनं. बाई, त्यो शब्द आमचा हाय.’

त्या दिवशी मला कळलं की भाऊ मूळचे पवनेच्या खोऱ्यातले. उंबरवाडी म्हणून तीस-बत्तीस घरांची वाडी होती, ती धरणात गेली. भाऊ तेव्हा सात वर्षांचे. लोकांनी घरांची कौलं, वासे, दारं काढून बैलगाड्यांत भरली. त्यांच्या अब्बांनी सगळ्यात शेवटी पहार घालून दगडी उंबरा काढला. गाडीवान म्हणाला, ह्यो धोंडा कशाला? अब्बा म्हणाले, ‘उंबरा न्हेला म्हंजी घर न्हेलं.’ वाडीतली माणसं मग पांगली. कुणी औंढ्याला, कुणी कुसगावला, कुणी पार तळेगाव-पिंपरीकडे. उंबरा अब्बांबरोबर तीन भाड्याच्या खोल्या फिरला आणि शेवटी भाऊंच्या शेडच्या दाराशी येऊन बसला.

मी तोवर त्याच दगडावर पाय ठेवून उभी होते. चटकन बाजूला झाले. ‘असू द्या वो,’ ते म्हणाले. ‘उंबरा पाय द्यायासाठीच असतो.’

मग ते म्हणाले, ‘आमच्या वाडीला पाटी नव्हती, बाई. रस्ताच नव्हता तर पाटी कुटनं? लहानपनी मला वाटायचं, पाटी असती तर पान्याला कळलं असतं, हितं मानसं ऱ्हातात, आन त्ये आलं नसतं.’

‘म्हणून पाट्यांच्या धंद्यात आलात?’

‘तसं काय न्हाई. पोट भराया आलो. पर एक पाटी ऱ्हायलीय खरी. अब्बा मरताना बोल्ले, वाडीचं नाव कुटं तरी लिव्हून ठेव.’

‘मग कोरा ना! इतक्या परक्यांच्या पाट्या कोरता.’

‘लावायची कुटं?’ त्यांनी विचारलं. ‘पाटीला जागा लागती. जागा पान्यात हाय.’

ते पुढे नेहमीच्या सुरात म्हणाले, ‘बगू. परवा.’ आणि पुन्हा टॉवेल बांधला. पण त्या दिवसापासून मला त्या माणसाच्या प्रत्येक ‘परवा’मागे ही एक पाटी दिसायला लागली. वाडी पाहिलेली माणसं दरवर्षी कमी होत होती आणि भाऊंचा खोकला वाढत होता.

आता त्यांच्या आयुष्यातली दुसरी मोठी चूक सांगते, कारण तिच्यात मीही सामील होते. नेहा नावाची तिशी-पस्तिशीची एक मुंबईची मुलगी पाटी टाकायला आली. पवना धरणाच्या काठाला तिनं आणि तिच्या नवऱ्यानं टुमदार बंगला बांधला होता. नाव ठरलं होतं ‘लॅक्युना’. भाऊंनी परवा बोलावलं. ती आली तेव्हा मी तिथे बाकावर होते.

‘ताई, ह्ये नाव मी कोरनार न्हाई,’ भाऊ म्हणाले.

‘का? स्पेलिंग चुकलंय का?’

‘स्पेलिंग बराबर हाय. अर्थ वंगाळ हाय. लॅक्युना म्हंजी उणीव. लिव्हन्यात ऱ्हाऊन गेल्याली जागा. नव्या घराला उणीव म्हून नाव कोन ठेवतं?’

‘अहो, लगूनवरून आहे ते, म्हणजे उथळ तळं. समोर लेक आहे ना! आमच्या आर्किटेक्टनं सुचवलंय.’

‘लगून येगळं, ह्ये येगळं.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीची शिक्षिका आहे असं सांगून, चष्मा सावरून, भाऊंचंच बरोबर आहे असा निवाडा दिला. शब्दकोश मी उघडलासुद्धा नव्हता. मुलगी लाल झाली. ‘तुम्ही बोर्ड बनवता ना? मग बनवायचा ना नुसता!’ असं म्हणून कागद घेऊन निघून गेली. आम्ही दोघं मात्र एक घर वाचवल्याच्या समाधानात चहा प्यायलो.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत भाऊ शाळेत आले. ते कधीच शाळेत येत नसत. खताची पिशवी छातीशी धरलेली, चेहरा उतरलेला. ‘बाई, चुकलं,’ ते म्हणाले. ‘लय चुकलं. मी पयलीच ओळ वाचली. खाली मुळाशी गेलोच न्हाई.’

स्टाफरूमच्या टेबलावर त्यांनी कोश उघडला. मूळ शब्द लाकुस, म्हणजे तळं. त्यावरून लाकुना, म्हणजे खळगा, डबकं. त्या खळग्यावरून पुढे मजकुरातली राहून गेलेली जागा. आणि पान उलटून ‘लगून’ पाहिलं तर त्याचंही मूळ तेच, लाकुना. आर्किटेक्ट बरोबर होता, नेहा बरोबर होती, आणि आम्हीही चूक नव्हतो, फक्त अर्धवट होतो.

‘तळं आन गाळल्याली जागा, दोन्ही एकच शब्द,’ भाऊ म्हणाले. बोट तसंच ओळीवर होतं. ‘पन्नास वर्सं मी त्या धरणाकडं बगतूय. मला तरी ठाव पायजे हुतं.’

मी सव्वीस वर्षं पोरांना ‘गाळलेल्या जागा भरा’ असे प्रश्न घातले. त्या सुट्टीत मी उगाचच वह्यांचा गठ्ठा आवरायला लागले.

त्याच रविवारी आम्ही माफी मागायला गेलो. माझ्या स्कूटरवर मागे भाऊ, त्यांच्या मांडीवर कोश. औंढ्याच्या पुढे खिंड उतरून धरणाकाठी पोचलो. नेहानं दार उघडलं, आधी कपाळाला आठी घातली, पण भाऊंनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, ‘ताई, तुमचं बराबर हुतं. मी पुरतं वाचलं न्हाई. पाटी मी कोरून देतो.’ ती मुलगी एकदम विरघळली. तिनं आम्हाला व्हरांड्यात बसवलं. समोर पाणी पसरलेलं, पलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका.

‘काय व्ह्यू आहे ना?’ ती कौतुकानं म्हणाली.

‘व्हय,’ भाऊ म्हणाले, आणि बोटानं दाखवलं. ‘त्या उंचवट्याच्या अलीकडं आमचं घर हुतं.’

नेहाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली. मग तिनं एकेक विचारलं, आणि भाऊंनी सांगितलं. उंबराचं झाड कुठे, विहीर कुठे, पाटी का नव्हती, अब्बा काय म्हणाले. नेहा मनानं चांगली. ती चटकन म्हणाली, ‘मग आमच्या गेटवर लावा ना तुमच्या गावाचं नाव! आमच्या नावाच्या वर लावा. येणारे-जाणारे वाचतील.’

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. भाऊंनी पाण्याकडे पाहिलं. त्यांना मोह झाला होता, मी शपथेवर सांगते. त्यांचा डावा हात मांडीवर उंबरवाडीची अक्षरं गिरवत होता.

‘न्हाई, ताई,’ ते शेवटी म्हणाले. ‘तुमचं मन मोठं हाय. पर पाटी जाग्यावर लागती. जाग्याच्या शेजारी न्हाई लागत.’

परतताना खिंडीच्या चढावर ते मागून म्हणाले, ‘बाई, उन्हाळ्यात पानी हटतं.’ मला नीट ऐकू आलं नाही, वारा होता. त्यांनी पुन्हा म्हटलं, ‘मे म्हैन्यात. घरांची जोती उघडी पडत्यात.’

‘पण जूनच्या पुढे पुन्हा पाण्याखाली जाईल.’

‘जाऊ द्या की. जागा तर हाय तीच.’

त्या वेळी त्यांनी काम परवावर टाकलं नाही. शेडच्या दारातला उंबरा उचलला आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर अक्षरं काढायला घेतली. देवनागरीत. इतक्या वर्षांत त्यांनी एवढा वेळ कुठल्या पाटीला लावलेला मी पाहिला नाही. दोन घाव घालायचे, खोकायचे, पाणी प्यायचे, पुन्हा दोन घाव. मुलगा चाकणला कंपनीत, तो म्हणाला, ‘अब्बा, मशीनवर दहा मिनटांत होईल.’ भाऊंनी त्याला हातानंच गप्प केलं. नेहाची पाटीही मधेच करून दिली, आणि तिनं कोपऱ्यातलं टिंब माझ्यापेक्षा सरळ मारलं.

मेच्या अखेरीला आम्ही गेलो. भाऊ, मी, टेम्पोवाला, आणि औंढ्याहून घेतलेली अनुसयामावशी. मावशी उंबरवाडीची लेक, ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली. वाडी डोळ्यांनी पाहिलेली आणि चालू शकणारी भाऊंना तेवढी एकच सापडली. पाणी खूप मागे गेलं होतं. भेगाळलेल्या गाळातून दगडांच्या ओळी डोकं वर काढून होत्या. मला ते नुसते दगड दिसत होते. मावशी मात्र काठीनं दाखवत चालली, ‘ह्ये सुताराचं. ह्ये आमचं, हितं चूल. दस्तगीर, ह्ये रं तुझं.’

टेम्पोवाल्याच्या मदतीनं भाऊंनी उंबरा जोत्यावर होता तिथेच बसवला. दोन्ही बाजूंनी दगड ठोकून पक्का केला. अगदी बेताचा बसला, जसा काही कालच काढला होता. मावशी खाली बसली आणि अक्षरांवरून तळवा फिरवायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

‘काय लिव्हलंय?’

‘उंबरवाडी.’

‘झ्याक. पर पान्यात वाचंल कोन?’

‘वाचत्याल की मासं,’ भाऊ म्हणाले, आणि दोघं खदखदून हसली. हसता हसता भाऊंना खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना.

मी पाहिलं, अक्षरं सगळी कोरली होती, फक्त ‘उं’वरचं टिंब नव्हतं. तिथे खडूची खूण होती. छिन्नी भाऊंच्या खिशात होती. मी म्हटलं, ‘मारा आता, भाऊ. मालक तुम्हीच.’

त्यांनी छिन्नी काढली, खुणेवर टेकवली, हातोडीही उचलली. मग आजूबाजूच्या सगळ्या जोत्यांकडे एकदा पाहिलं. तीस-बत्तीस जोती, आणि वाडीची माणसं दोन.

‘माझ्या एकट्याची थोडीच हाय?’ ते म्हणाले. ‘वाडीचे समदे येऊ द्या. मंग मारू.’

‘कधी येणार सगळे?’

‘परवा,’ ते म्हणाले, आणि छिन्नी पुन्हा खिशात घातली. माझ्या डोळ्यांपुढे भाऊ उभे राहतात ते असेच, स्वतःच्या उंबऱ्याच्या आत, भिंती नसलेल्या घरात, पापण्यांवर पांढरी भुकटी. मावशीला त्यांनी हात देऊन उंबरा ओलांडायला लावला आणि म्हणाले, ‘ये, बस. च्या न्हाई बग घरात.’

भाऊ त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. छातीत भुकटी साठली होती, डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. शेड आता टायरवाल्याकडे आहे. मुलानं मला शब्दकोश आणून दिला, आणि त्या खताच्या पिशवीत ती बारीक छिन्नीही होती.

पुढच्या मेमध्ये मी मावशीला घेऊन पुन्हा गेले. टिंब राहिलंय ही गोष्ट मावशीनं वर्षभर भेटेल त्याला सांगितली होती, आणि त्याचा एवढा परिणाम होईल असं मला वाटलं नव्हतं. गाळात माणसं उभी होती. औंढ्याची, कुसगावची, पवनानगरहून जीपनं आलेली, एक कुटुंब तर पार पिंपरीहून. नेहानं सगळ्यांसाठी पाण्याचे कॅन पाठवले होते. लोक आपापली जोती शोधत होते, चुकत होते, भांडत होते, नातवंडांना बोट धरून दाखवत होते. उंबरा जागेवर होता. गाळ धुतल्यावर अक्षरं स्वच्छ निघाली. खडूची खूण अर्थातच गेली होती.

मी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढून मावशीपुढे धरली. सगळे गोल करून उभे राहिले. मावशीनं अंगठ्यानं ‘उ’च्या वरची गुळगुळीत जागा चाचपली. मग मान वर करून एकेका तोंडाकडे बघत तिनं घरं मोजली. दोनदा मोजली.

‘कुंभाराची न्हाई आली,’ ती म्हणाली. ‘आन शिंप्याचा थोरला बी न्हाई.’

कुणी तरी म्हणालं, ‘मावशे, आता मार की. एवढे आलोय.’

मावशीनं छिन्नी माझ्या हातात परत ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

‘ठिव जपून,’ ती म्हणाली. ‘परवा मारू.’